व्हीलचेअरच्या जॉयस्टिकसाठी पावसाळी कव्हर शिवून घ्यायचंय, कसं करावं?

मैना
मे संपत आला, म्हणून आत्ताच विचारतेय. मी पुण्यात राहते, मणक्याच्या दुखापतीनंतर सहा वर्षं बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरते. जॉयस्टिक उजव्या हाताला. घरापासून ऑफिस सव्वा किलोमीटर, रोज खुर्चीनेच जाते. गेल्या जुलैत येताना अचानक सर आली, दहा मिनिटांची सुद्धा नसेल, आणि रस्ता ओलांडून फुटपाथच्या उतारावर चढताना खुर्ची बंद पडली. दिवे नुसते लुकलुकत राहिले. दोन कॉलेजची मुलं धावत आली, मागचे क्लच (मोटर चाकांपासून सोडवायचे खटके) सोडायचे कसे ते मी त्यांना सांगितलं तेव्हा कुठे खुर्ची ढकलता आली, ७० किलोची खुर्ची आणि वर मी. सर्व्हिसवाल्याने उघडून बघितलं तर काठीच्या बुडाशी जो रबर असतो ना भात्यासारखा घडीघडीचा, त्याला एका घडीत नखाएवढी चीर होती, तिथून पाणी आत. जॉयस्टिक बदलावी लागली, पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले.
छत्री धरता येत नाही कारण एक हात काठीवर आणि दुसऱ्या हाताने तोल. साधा रेनकोट घातला तर मांडीवर तळं साचतं. मला तीन गोष्टी शिवून घ्यायच्यात, जॉयस्टिकचं कव्हर, माझ्यासाठी घोंगता किंवा केप काहीतरी, आणि सीटवरच्या गादीसाठी. कापड कुठलं, शिवायचं कसं, कुणी केलंय का? अनुभव सांगा प्लीज.

टिळक_रोडचा
हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप घाला जॉयस्टिकवर. माझे मामा तेच करतात. पर्समध्ये दोन ठेवा.

गंगाधर७१
पाऊस पडत असेल त्या दिवशी रिक्षा केलेली बरी नाही का? काळजीपोटी सांगतोय.

मैना
काका, काळजी कळली. पण १०० किलोच्या घरात जाणारी ही खुर्ची बॅटऱ्यांसकट रिक्षात चढत नाही, घडी पण होत नाही. आणि पुण्यात जून ते सप्टेंबर चार महिने "पाऊस पडत असेल त्या दिवशी" म्हणजे जवळजवळ रोजच. मी नोकरी करते हो.
@टिळक_रोडचा, शॉवर कॅप मी पण वापरली आहे. अचानक आलेल्या सरीला ठीक, पण तिचं इलॅस्टिक सगळीकडून आवळतं आणि काठीला ओढ बसते.

गंगाधर७१
७० वरून १०० कशी झाली बुवा :) बरं, रिक्षाचं मागे घेतो. तुमचं काम व्हायला हवं हे खरं.

मैना
बरोबर पकडलंत. खुर्ची नुसती ७०, बॅटऱ्या धरून १०० च्या आसपास.

सोल्डर_गन
ताई, ओढ बसते म्हणालात ते सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर जरा सविस्तर लिहितो. मी कंट्रोलर दुरुस्तीचं काम करतो, खुर्च्या पण येतात.
जॉयस्टिक काठी किती आणि कुठे कलली एवढंच बघते, कलवली कुणी ते तिला कळत नाही. खुर्ची चालू करतानाच काठी मधोमध नसेल तर बहुतेक खुर्च्या दिवे मिचकावतात आणि जागच्या हलत नाहीत, ही चांगली सोय आहे. पण एकदा चालू झाली आणि मग कव्हरने काठी जरा रेटली, किंवा तुम्ही हात सोडल्यावर काठी मधे परत येऊच दिली नाही, तर खुर्ची चालत राहणार. म्हणून कव्हर काठीवर टांगायचं नाही, काठीला घट्ट बांधायचं तर अजिबातच नाही. त्याचा भार आर्मरेस्टच्या नळीवर यायला पाहिजे.
दुसरं, पाणी फक्त वरून येत नाही. मला मिळालेल्या भिजक्या जॉयस्टिकपैकी बऱ्याच खालून भिजलेल्या असतात. चार्जिंगचं गोल तीन पिनांचं सॉकेट खालच्या किंवा पुढच्या बाजूला असतं, त्याची रबरी टोपी हरवलेली असते. आणि वायर! वायर वरून सरळ डब्यात शिरत असेल तर पाणी तिच्यावरून घरंगळत आत जातं. वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडतं. घराच्या मीटरकडे येणारी वायर बघा, तिला असाच झोळ असतो.
रबराला चीर असेल तर रबरच बदला, चिकटपट्टी नको. आणि सिलिकॉन सीलंट लावणार असाल तर नळीवर न्यूट्रल क्युअर लिहिलंय का बघा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो वाळताना ॲसिड सोडतो, तांब्याला आणि सर्किटला हिरवं करून टाकतो. आठवड्यापूर्वीच एक असा बोर्ड आलाय, बिचाऱ्यांनी पाण्यापासून वाचवायला लावलेलं आणि त्यानेच गेला.
भिजलीच तर आधी बंद, शक्य असेल तर बॅटरीचा प्लग काढा, पंख्याखाली दोन दिवस. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्याने काही होत नाही, वर तांदळाचं पीठ आत जातं.

अ_देशपांडे_नाही
पण मला एक कळत नाही, हे सगळं आपण का करायचं? लाखाची खुर्ची आणि दहा मिनिटांच्या पावसात बंद? कंपनीने द्यायला नको का?

सोल्डर_गन
द्यायला हवंच. बॅटरीच्या खुर्च्यांसाठी आयएसओ ७१७६ नावाची मालिका आहे, तिच्या ९ व्या भागात हवामानाच्या चाचण्या आहेत, पाणी उडवून बघायची पण. घेताना विक्रेत्याला विचारा की ही चाचणी झाली आहे का आणि जॉयस्टिकचं आयपी रेटिंग काय, म्हणजे धूळ-पाणी किती सोसते त्याचा आकडा. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसेल. पण चाचणीला खुर्ची नवी कोरी असते. रबर तीन उन्हाळे तापल्यावर त्याचं काय होतं ते आपल्याकडे येतं.

अ_देशपांडे_नाही
मग कव्हरपेक्षा दरवर्षी मे महिन्यात रबर बदलणं जास्त खरं नाही का?

सोल्डर_गन
दोन्ही. रबर आधी.

सुईदोरा
मी ताईंच्या मूळ प्रश्नाकडे येते. माझं बॅगा शिवायचं युनिट आहे, रेनकव्हर पण करतो.
रेक्झिन घेऊ नका. जड, घडीवर तडकतं, आणि पावसाळ्यात आतून बुरशी. २१० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन घ्या ज्याला आतून पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, कोटिंग असतं, पुण्यात रविवार पेठेत बॅगांचं सामान मिळतं तिथे मिळेल. हातात घेऊन तोंडाने फुंकर मारून बघा, पलीकडे हवा लागली तर परत द्या. समोरच्या भागाला पारदर्शक पीव्हीसी, जेवणाच्या टेबलावर घालतात त्यातलं पातळ, म्हणजे दिवे आणि बटणं दिसतील.
आता शिवण. पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं. म्हणून १४ नंबरची सुई, टाका मोठा, दोरा पॉलिएस्टर (सुती कुजतो), आणि टाचण्या बिलकुल लावायच्या नाहीत कारण या कापडाचं भोक बुजत नाही, कपड्यांचे छोटे चिमटे लावा. वरच्या छतावर शिवण येऊच देऊ नका, एक अखंड तुकडा वरून खाली दोन्ही बाजूंना उतरवा. जिथे दोन तुकडे जोडायचे तिथे कौलं कशी चढवतो, वरचं खालच्यावर, तसं. शिवण उलटी पडली की पाणी सरळ आत. चेन टाळा, वेल्क्रो चालेल पण त्याचं तोंड खाली.
माप काय आहे जॉयस्टिकच्या डब्याचं?

मैना
वा! लिहून घेतलं सगळं. डबा लांबी १७ सेंमी, रुंदी ७, काठीच्या टोकापर्यंत उंची १४. मनगट त्याच्या मागे आर्मरेस्टवर टेकतं.

रत्नांग्रीकर
ताई तुमच्या केपसाठी सांगतो. इरलं बघितलंय का? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं. आमची आजी भाताच्या लावणीला इरलं घालूनच उभी राहायची. उभ्याने बघाल तर विचित्र दिसतं, पुढून सगळं उघडं, मागे लांबलचक. पण माणूस वाकला की डोक्यापासून कमरेच्या खालपर्यंत पाठ झाकली जाते आणि दोन्ही हात चिखलात मोकळे. ज्याने कुणी ते काढलं त्याने उभा माणूस डोळ्यासमोर धरलाच नाही, वाकलेला धरला. तुमच्यासाठी शिवणाऱ्याने तसं बसलेलं माणूस धरायला हवं. रेनकोट सगळे उभ्या माणसासाठी असतात म्हणून तर मांडीवर तळं होतं.

सह्याद्रीवाला
आमच्याकडे घाटावर घोंगडीची खोळ. इरल्यापेक्षा भारी, ऊब पण देते.

रत्नांग्रीकर
भिजली की खोळ किती जड होते ते पण सांगा!

सह्याद्रीवाला
जड होते पण आत थेंब येत नाही. तुमच्या इरल्यात वारा शिरला की माणूस बांधावरून उडतो :)

सुईदोरा
भांडू नका, दोन्ही कामाचं आहे :) रत्नांग्रीकर, बसलेल्या माणसाचा मुद्दा अगदी पटला. आता मी कागदावर बसलेल्या आकृतीभोवतीच पॅटर्न काढते.

मँचेस्टरची_मंजू
इकडे व्हीलचेअरच्या केप तयार मिळतात, माझ्या सासऱ्यांकडे होती. मागची बाजू आखूड असते, पाठीच्या वरच्या भागापर्यंतच, म्हणजे ती अंगाखाली बसत नाही आणि पाठीच्या दांड्यावरून मागे सोडता येते. पुढची बाजू पावलांच्या पुढे जाते आणि तिला खाली घोट्याजवळ इलॅस्टिक. मांडीवर तळं होऊ नये म्हणून गुडघ्याच्या जागी उतार धरलेला. एकच वाईट, टोपी. मान वळवली की टोपी जागेवर आणि चेहरा टोपीच्या आत. रस्ता ओलांडताना ते धोक्याचं. कडक झाप असलेली साधी कॅप आत घालायची आणि टोपी तिच्यावर बसवायची, मग वळते.

फिजिओ_अनघा
मंजू, चांगलं सांगितलंत. मी दोन गोष्टी जोडते, आणि मैना ताई, कृपा करून या दोन्ही सोडू नका.
पहिली, केपची बाजू कधीही चाकाच्या बाहेर लोंबती ठेवू नका. बाजू आर्मरेस्टच्या आत खोचल्या पाहिजेत किंवा नळीला बक्कल. माझ्या एका पेशंटची ओढणी पुढच्या छोट्या चाकात गेली होती, खुर्ची झटकन थांबली आणि त्या पुढे पडल्या.
दुसरी, गादी. तुमची हवेची किंवा जेलची गादी असणार. तिच्यावर घट्ट ताणलेलं वॉटरप्रूफ कव्हर घातलं की ती झोळीसारखी वागते, तुम्ही गादीत रुतत नाही, कव्हरवर तरंगता, आणि सगळा दाब बसायच्या हाडांवर येतो. त्यात घाम. ज्यांना तिथे संवेदना नाही त्यांना जखम होईपर्यंत कळत नाही आणि दाबाची जखम भरायला महिने जातात. म्हणून बसताना गादीवर मूळचंच, ताणलं जाणारं कव्हर ठेवा. वॉटरप्रूफ कव्हर फक्त खुर्ची रिकामी असताना, किंवा गादीच्या खाली आणि बाजूंना. गादी ओली झाली तर त्या दिवशी ओल्यावर बसून राहू नका.

मैना
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी वरूनच घालणार होते. थँक्यू अनघा ताई.

कुबडी_नंबर_दोन
धागा खुर्चीचा आहे पण कुबड्यांवाल्यांसाठी पण लिहितो. लहानपणी पोलिओ, दोन्ही कुबड्या. आमचं संरक्षण म्हणजे टोकाचं रबर. पावसाळ्याआधी उलटं करून बघा, खालची वर्तुळं झिजून गुळगुळीत झाली असतील किंवा एका बाजूला तिरकं झिजलं असेल तर लगेच बदला. रबर घेताना कुबडीची नळी बरोबर न्या, सैल बसलं तर निघतं. दुकानाच्या पायऱ्यांवर ती चकचकीत फरशी ओली असते तिथे मी आधी कुबडी टेकून, दाबून, मगच वजन देतो. आणि आत शिरल्यावर रबर पायपुसण्यावर पुसतो, चिखलाचा पातळ थर राहिला की चांगलं रबर पण सरकतं.

तीनचाकी_सोलापूर
तुम्ही सगळे पावसाचं बोलताय, आमच्याकडे ऊन. सोलापूरला एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर जातं. माझी बॅटरीवरची तीनचाकी, काळी सीट, बाजारात तासभर उन्हात उभी राहिली की हात लावता येत नाही. मला मांडीला कळतं म्हणून उठतो, पण माझ्या मित्राला कमरेखाली कळत नाही, तो तसाच बसला आणि मांडीला फोड आले. तेव्हापासून दोघांच्या सीटवर पांढऱ्या जाड खादीचं कव्हर, उतरून गेलो की वरून जुनी चादर, आणि बसायच्या आधी तळहात ठेवून बघायचा नेम. धातूच्या भागांना सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली. हँडलचा एक्सलेटर आहे त्याला पण ऊन लागू नये म्हणून कापडी पिशवी, पण ती चालवताना काढतो, वर सोल्डर_गन यांनी सांगितलं तसंच, अडकलं तर गाडी सुटेल.

फिजिओ_अनघा
तळहाताची सवय अगदी बरोबर, मी आता पेशंटना हेच सांगणार. ज्यांच्या हातालाही कमी कळतं त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावून बघायला सांगा.

सोल्डर_गन
आणखी एक, जे लोक अख्ख्या खुर्चीवर गाडीसारखं कव्हर घालतात त्यांनी चार्जिंगला लावताना ते काढा. शिसं-ॲसिडच्या सीलबंद बॅटऱ्या पण जास्त चार्ज झाल्या तर हायड्रोजन सोडू शकतात, आणि चार्जरला पण हवा लागते. बॅटरीचा डबा सगळीकडून सीलंट लावून बंद करू नका.

विंडो_सीट
विमानाने जाणाऱ्यांसाठी. खुर्ची सामानाच्या पोटात जाते आणि सगळ्यात आधी जॉयस्टिक मोडते, माझी मोडून आली होती, विमान कंपनीचं नाव घेत नाही. आता मी दारापाशी खुर्ची सोडताना जॉयस्टिकचा ॲलन बोल्ट सैल करून ती आतल्या बाजूला वळवतो आणि वर आईस्क्रीमचा मोठा डबा उपडा, आतून फोम, बाहेरून पट्टा. डबा कडक असायला हवा, नुसतं बबल रॅप दाबलं जातं. पाठीला एक लॅमिनेट केलेला कागद, त्यावर फोटो: क्लच कुठे आहेत, कुठे धरून उचलायचं, कुठे धरायचं नाही. हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत. लिहिलेलं कुणी वाचत नाही, फोटो बघतात.

अ_देशपांडे_नाही
ही कल्पना मस्त. मैना ताईंनी रस्त्यात मुलांना क्लच समजावून सांगितले ना, तो फोटो रोजच्या खुर्चीला पण लावा की.

मैना
लगेच लावते!

मैना
(नऊ दिवसांनी) मंडळी, प्रगती सांगते. सुईदोरा ताईंनी नमुना पाठवला, आणि आधी मीही घरी एक शिवला होता त्याचं सांगते. माझा पहिला जुन्या रेनकोटच्या जाड कापडाचा, डब्यावर नीट बसणारा, काठीला भोक पाडून इलॅस्टिक. घरात चालू करून पुढे गेले, हात सोडला आणि खुर्ची थांबायच्या ऐवजी गोगलगायीच्या वेगाने कपाटाकडे जातच राहिली. कापडाची एक घडी काठीच्या मागे उभी राहिली होती. पॉवर बंद केली. सोल्डर_गन दादा, तुमचं वाचलं नसतं तर मी हे बाहेर रस्त्यावर वापरून बघितलं असतं.
आता ताईंचा. तो काठीला शिवतच नाही. आर्मरेस्टच्या नळीवर दोन कमानी, जाड प्लास्टिक पट्टीच्या, त्यावर नायलॉनचं छत, म्हणजे छोटा तंबूच. डब्याच्या आणि हाताच्या वर सगळीकडे बोटभर जागा. पुढून पारदर्शक, आणि मागून बाही, तिच्यात हात घालायचा, मनगटापाशी सैल. माझा हात आणि जॉयस्टिक एकाच छताखाली राहतात. आधी आम्ही माप जॉयस्टिकचं घेत होतो, मग लक्षात आलं माप काठी धरलेल्या हाताचं घ्यायला हवं, काठी चारी दिशांना पूर्ण कलवलेली असताना.
चाचणी अशी केली: खऱ्या जॉयस्टिकच्या जागी तेवढाच डबा, डब्यावर टिश्यू पेपर आणि कडांना खडूची पूड, वरून झारीने दहा मिनिटं पाणी, मग खालून तिरकं पण. टिश्यू कोरडा! खडू फक्त एका कोपऱ्यात ओला झाला, डाव्या मागच्या, बाहीच्या जोडावर. उलगडून बघितलं तर तिथेच एक शिवण उलटी पडलेली.

सुईदोरा
माझ्याच हातून झाली ती, कारागिराचा दोष नाही. पाठवा, उलटून देते. पुढचं प्लास्टिक धुकं धरतंय का?

मैना
हो, हाताच्या उबेने. दिवे अंधुक दिसतात.

सोल्डर_गन
दोन्ही बाजूंना वरच्या कडेखाली झाप असलेल्या फटी ठेवा, हवा फिरेल. आणि बॅटरीचा दिवा दिसला नाही तरी हॉर्नचं आणि पॉवरचं बटण हाताला लागायलाच हवं.

डावखुरा_नाशिक
माझी जॉयस्टिक डावीकडे आहे. मला मिळेल का? आणि एक विचारायचं, मी खुर्चीतून पलंगावर जाताना आर्मरेस्ट वर उचलतो. कमानी नळीला पक्क्या बांधल्या तर आर्मरेस्ट उचलणार कशी?

सुईदोरा
डाव्यासाठी पॅटर्न उलटा ठेवून कापते, तेवढंच. आर्मरेस्टचा विचार मी केलाच नव्हता.

मैना
मी पण नाही, माझी बाजूला काढून ठेवता येते. नाशिककर, तुमचा दुसरा हात किती चालतो?

डावखुरा_नाशिक
उजव्या हाताची पकड कमी. ढकलता येतं, चिमटीत धरता येत नाही.

सुईदोरा
मग बक्कल नको. पुढची कमान नळीवर नुसती बसती ठेवू आणि मागे वेल्क्रोला मोठा गोल फासा, त्यात मनगट घालून ओढलं की सुटेल. अख्खा तंबू मागे घडी होऊन पाठीला लटकेल. नळीचा व्यास मोजून टाका, आणि आर्मरेस्ट पूर्ण वर असताना बाजूने काढलेला एक फोटो.

डावखुरा_नाशिक
व्यास २२ मिलिमीटर. फोटो मुलगी शाळेतून आली की टाकतो.